पडलेला वारा आणि ताणलेले मन

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत सोसाट्याच्या वाऱ्यापेक्षा पडलेला वारा खेळाडूच्या मनाची अधिक कठोर परीक्षा घेतो, हे या खेळाशी परिचय नसलेल्याला सहसा पटत नाही. जोराच्या वाऱ्यात होडी कलंडू नये म्हणून अंग बाहेर झोकून तोल सावरावा लागतो आणि त्या कष्टात मनातली धास्ती बऱ्याच अंशी खर्ची पडते. मंद वाऱ्यात मात्र करण्यासारखे थोडे आणि पाहण्यासारखे फार असते.

होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही, ती साधारण ४५ अंशांचा कोन राखून नागमोडी पुढे सरकते. त्यामुळे वारा जरासा फिरला तरी एका बाजूच्या होड्यांची वाट आखूड होते आणि दुसऱ्या बाजूच्यांची लांबते. झुळूक जिथे उतरते तिथले पाणी बारीक तरंगांनी काळसर दिसते. तो डाग हेरायला नजर दूरवर फिरती हवी, पण चिंतेने लक्ष आक्रसते आणि शेजारच्या प्रतिस्पर्ध्यावर खिळते. सुकाणूच्या दांड्यावरची मूठही आवळली जाते, सुकाणू गरजेपेक्षा जास्त हलते आणि होडीचा उरलासुरला वेग खाऊन टाकते.

पॅरिस ऑलिंपिकच्या शर्यती २०२४ मध्ये मार्सेय येथे भूमध्य समुद्रात झाल्या. उन्हाने जमीन पाण्याआधी तापून तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे येतात. त्या दिवसांत मात्र ते अनेकदा रुसले. दोघांनी चालवायच्या ‘फॉर्टीनाइनर’ होड्यांची पुरुषांची पदकशर्यत, म्हणजे पहिल्या दहा जोड्यांची दुप्पट गुणांची अखेरची शर्यत, १ ऑगस्टला पार पडू शकली नाही. दुसऱ्या दिवशी ती झाली आणि स्पेनच्या दिएगो बोतिन व फ्लोरियन त्रित्तेल यांनी सुवर्णपदक मिळवले. एकट्याने चालवायच्या ‘इल्का’ होड्यांच्या पदकशर्यतीही ६ वरून ७ ऑगस्टवर गेल्या.

अशा प्रतीक्षेत झुंजीसाठी सज्ज झालेल्या शरीराला वाट मिळत नाही आणि मन तीच शर्यत पुनःपुन्हा हरत राहते. म्हणून थांबण्याचाही सराव करावा लागतो, हे प्रशिक्षणात जितके गांभीर्याने घेतले जावे तितके थोडेच. शर्यत लांबल्याचे चिन्ह म्हणून लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचे निशाण चढलेले असते. समुद्रावर ते उतरले की एका मिनिटाने पूर्वसूचना होते आणि तिथून पाच मिनिटांत शर्यत सुटते; तासन्‌तास तिष्ठलेल्या खेळाडूच्या हाती तेवढीच सहा मिनिटे असतात.