टाकीचा श्वासोच्छ्वास

वैशाखाच्या उन्हांत दोन-तीन तास उभ्या असलेल्या रिक्षेजवळून जातांना पेट्रोलचा उग्र वास नाकांत शिरला नाहीं, असा नागरिक पिंपरी-चिंचवडांत क्वचितच सांपडेल. टाकीचें झांकण घट्ट लागलेलें असतें, नळी कोठें गळत नसते, खालीं जमिनीवर एक थेंबहि दिसत नाहीं. तरीहि वास येतो. हा वास म्हणजे पेट्रोलची नुसती खूण नव्हे. तें स्वतः पेट्रोलच होय. द्रवरूप टाकून बाष्परूपानें तें बाहेर पडत असतें. या बाष्पाला वाट कशी द्यावी, आणि कारखान्यानें दिलेली वाट कोणी आपल्या हातानें बदलली तर काय होतें, हा प्रश्न वरवर पाहतां गॅरेजांतल्या मिस्त्रीचा वाटतो. परंतु ज्या घराच्या जिन्याखालीं रिक्षा किंवा स्कूटर रात्रभर उभी राहते, त्या घरांतील प्रत्येकाचा त्याच्याशीं संबंध आहे.

पेट्रोलच्या टाकीला श्वास घ्यावा लागतो, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. गोडेतेलाचा पत्र्याचा डबा फोडतांना जाणती गृहिणी एकच भोंक पाडीत नाहीं. समोरासमोर दोन पाडते. एका भोंकांतून तेल गुटगुट करीत, अडखळत पडतें. कारण बाहेर गेलेल्या तेलाची जागा घेण्यास हवा आंत जावी लागते आणि ती त्याच वाटेनें शिरूं पाहते. दुसऱ्या भोंकानें हवेला स्वतंत्र वाट मिळाली कीं धार सरळ लागते. टाकीचेंहि असेंच आहे. इंजिन जेवढें पेट्रोल ओढून घेतें तेवढी हवा टाकींत आली पाहिजे. ती न आली तर आंतील दाब उतरतो, इंजिनाकडे जाणारी धार मंदावते, आणि चांगलें चालणारें वाहन भर चौकांत गचके देत थांबतें. झांकण उघडतांच ‘फुस्स’ असा आवाज होतो आणि गाडी पुन्हां मुकाट्यानें चालूं लागते.

हा झाला श्वास. उच्छ्वासाची वेळ दुपारची. टाकी तापली कीं आंतील हवा फुगते, पेट्रोलची वाफ वाढते आणि दाब चढतो. त्याला वाट न दिली तर टाकीचे सांधे व रबरी नळ्या यांवर ताण पडतो. रात्रीं गारवा पडला म्हणजे टाकी पुन्हां बाहेरची हवा आंत ओढते. अशा रीतीनें वाहन जागचें न हलतांहि त्याची टाकी रोज एक मोठा उच्छ्वास टाकीत असते आणि एक मोठा श्वास घेत असते.

तीनचाकी वाहनाचें कूळ स्कूटरचें आहे. इटलींतील पियाज्यो कंपनीनें १९४६ सालीं व्हेस्पा स्कूटर बाजारांत आणली आणि १९४८ सालीं तिलाच मागें दोन चाकें जोडून ‘आपे’ हें मालवाहू वाहन काढलें. बजाज ऑटो कंपनीस दुचाकी व तीनचाकी वाहनें बनविण्याचा सरकारी परवाना १९५९ सालीं मिळाला. पियाज्योच्या सहकार्यानें ती वाहनें येथें बनूं लागलीं आणि आकुर्डीचें नांव घरोघर झालें. त्या काळच्या टाक्यांची श्वासोच्छ्वासाची सोय अगदीं साधी असे. झांकणांत एक बारीक छिद्र ठेवलें कीं काम भागलें. हवा त्यांतूनच आंत येई आणि वाफ त्यांतूनच बाहेर जाई. ती कोठें जाते, याची चौकशी कोणी केली नाहीं.

ती चौकशी आतां करूं. पुण्याच्या उन्हाळ्यांत सकाळचें तपमान २० अंश आणि दुपारचें ३५ अंश धरलें, तर टाकीच्या प्रत्येक रिकाम्या लिटरामागें सुमारें अर्धा ग्रॅम पेट्रोल वाफ होऊन बाहेर जातें, असा ढोबळ हिशेब निघतो. रिकाम्या लिटरामागें, हे शब्द महत्त्वाचे आहेत. कारण वाफ सांठते ती द्रवाच्या वरच्या मोकळ्या जागेंत. म्हणून भरलेल्या टाकीपेक्षां निम्मी टाकी अधिक उच्छ्वास टाकते. आठ लिटरांची टाकी निम्मी रिकामी असेल तर रोज दोन ग्रॅम गेले. वर्षाचा हिशेब केला तर एका वाहनामागें लिटरभर पेट्रोल. एका घराच्या खर्चांत ही रक्कम कोणाच्या डोळ्यांत येणार नाहीं. परंतु अशीं एक लाख वाहनें एका शहरांत उभीं आहेत असें धरा. मग रोज दोनशें किलो पेट्रोल त्या शहराच्या हवेंत मिसळतें. आणि या औद्योगिक पट्ट्यांतील वाहनांची संख्या लाखाच्या पुष्कळच पुढें गेलेली आहे.

या वाफेचा उपद्रव तीन प्रकारचा आहे. पहिला हवेचा. लॉस एंजेलीस शहरांत १९४० नंतर डोळे चुरचुरविणारें एक विचित्र धुकें पडूं लागलें. तें कशाचें, याचा उलगडा हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञांनीं १९५० च्या सुमारास केला. हे गृहस्थ त्याआधीं अननसाच्या सुगंधाचें पृथक्करण करीत होते! पेट्रोलची वाफ आणि धुरांतील नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांवर ऊन पडलें म्हणजे ओझोन व इतर दाहक द्रव्यें तयार होतात, असें त्यांनीं दाखवून दिलें. उन्हाची उणीव आपल्याकडे नाहीं, हें सांगावयास नकोच. दुसरा उपद्रव प्रकृतीचा. पेट्रोलांत अल्प प्रमाणांत बेंझीन असतें. भारतांत त्याची मर्यादा शेंकडा एक ठरविलेली आहे. तें दीर्घकाळ श्वासावाटे पोटांत गेल्यास रक्ताचा कर्करोग होऊं शकतो. तिसरा उपद्रव आगीचा. पेट्रोलची वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड असल्यामुळें ती वर उडून जात नाहीं. जमिनीलगत पसरते, उंबऱ्याच्या फटींतून आंत शिरते आणि बंद जागेंत सांचून राहते. हवेंत तिचें प्रमाण शेंकडा दीड ते साडेसात यांच्या दरम्यान असलें म्हणजे एका ठिणगीनें ती पेट घेते. चाळींतील अरुंद बोळांत, एका बाजूस रिक्षा आणि दुसऱ्या बाजूस स्वयंपाकाची शेगडी असते, तेथें या वाक्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं.

मग छिद्र बुजवावें काय? तें शक्य नाहीं, हें वर आलेंच आहे. उच्छ्वास कोंडतां येत नाहीं. त्याला योग्य वाट लावून द्यावी लागते. ही वाट दाखविली ती कोळशानें. पहिल्या महायुद्धांत विषारी वायूपासून सैनिकांचें रक्षण करणाऱ्या मुखवट्यांत नारळाच्या करवंट्यांचा कोळसा भरीत असत. विशेष प्रक्रिया केलेल्या अशा कोळशाच्या अंगीं असंख्य सूक्ष्म विवरें असतात. त्याच्या एका ग्रॅमाचा आंतला पृष्ठभाग पसरतां आला तर तो हजार चौरस मीटरांच्या आसपास भरेल. वायूचे कण या पृष्ठभागाला चिकटून बसतात. शास्त्रांत या क्रियेस अधिशोषण म्हणतात. फ्रिजांतील वास घालविण्यासाठीं आंत कोळशाचा तुकडा ठेवण्याची युक्ति याच तत्त्वावर आधारलेली आहे.

नव्या पेट्रोल वाहनांवर, कोठें बैठकीखालीं तर कोठें इंजिनाजवळ, एक काळा डबा दिसतो. त्यांत हाच कोळसा भरलेला असतो. त्याला तीन तोंडें असतात. एका तोंडाला टाकीकडून येणारी नळी जोडलेली असते, दुसऱ्यापासून इंजिनाकडे नळी जाते आणि तिसरें तोंड बाहेरच्या हवेंत उघडें असतें. दुपारीं टाकीनें टाकलेला उच्छ्वास डब्यांत येतो; पेट्रोलची वाफ कोळशाला चिकटते आणि स्वच्छ झालेली हवा तिसऱ्या तोंडानें बाहेर जाते. पुढें इंजिन चालू झालें कीं त्याच्या ओढीनें बाहेरची ताजी हवा कोळशांतून उलट वाहूं लागते, चिकटलेली वाफ सुटते आणि इंजिनांत जाऊन जळते. म्हणजे जें पेट्रोल वाऱ्यावर जाणार होतें तें कामास येतें, आणि कोळसा पुन्हां रिकामा होऊन दुसऱ्या दिवसासाठीं सज्ज राहतो. वाहन कलंडलें तर द्रव पेट्रोल या वाटेनें सांडूं नये म्हणून नळींत एक झडपहि बसविलेली असते. तीन चाकांच्या वाहनाला वळणावर कलंडण्याचें भय अधिक; तेव्हां ही झडप फुकटची नव्हे.

कॅलिफोर्नियांत १९७० च्या नमुन्यांपासून मोटारींना असें बाष्पनियंत्रण सक्तीचें झालें. भारतांत दुचाकींसाठीं तें ‘भारत टप्पा चार’ या नियमांबरोबर आलें; हे नियम १ एप्रिल २०१७ पासून देशभर पूर्णपणें लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत टप्पा सहा’ सुरू झाला. त्यांत दुचाकीच्या बाष्पाची मर्यादा एका चांचणीमागें दीड ग्रॅम इतकी आंखून दिली आहे. ही चांचणी मोठी मौजेची आहे. वाहन एका हवाबंद खोलींत ठेवतात, टाकींतील पेट्रोल ठरल्याप्रमाणें तापवितात, पुढें चालवून गरम केलेलें वाहन पुन्हां त्याच खोलींत तासभर ठेवतात आणि खोलींतील हवेंत किती बाष्प मिसळलें तें मोजतात. १९६६ सालीं पुण्यास स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांच्या अशा चांचण्या करते. तिचें एक केंद्र चाकण येथेंहि आहे. म्हणजे वाहन घडतें येथेंच, पारखलें जातें येथेंच, आणि त्याच्या काळ्या डब्यावर पहिला पाना चालतो तोहि पुष्कळदां याच परिसरांतील एखाद्या रस्त्याकडेच्या गॅरेजांत!

हा पाना कां चालतो, तें सहानुभूतीनें पाहिलें पाहिजे. रिक्षाचालकाचें पोट दिवसाच्या फेऱ्यांवर असतें. गाडी बंद पडली कीं एक दिवस बुडतो. मिस्त्री सांगतो, ‘हा डबाच सगळ्या तक्रारींचें मूळ आहे, काढून टाका, ॲव्हरेज वाढेल.’ चालक मान डोलवितो. वस्तुतः डबा वर्षाला लिटरभर पेट्रोल वांचवितो. तो काढल्यानें ॲव्हरेज वाढेल कसें? परंतु तक्रार खरी असते, आणि तिचें कारण बहुधा निराळेंच असतें. पंपावर पेट्रोल गळ्यापर्यंत भरण्याची संवय असली तर वाफेऐवजीं द्रव पेट्रोलच नळींतून डब्यांत उतरतें, कोळसा भिजतो, इंजिनाला एकाएकी फाजील पेट्रोल मिळतें आणि तें गुदमरतें. पावसाळ्यांत चाकणच्या रस्त्यांवरील चिखल डब्याच्या उघड्या तोंडांत बसला तर टाकीचा श्वास कोंडतो. नळी मुडपली, तरी तेंच. दोष अंगवळणी पडलेल्या संवयीचा, आणि शिक्षा डब्याला!

डबा काढल्यावर तीन प्रकार घडतात. कोणी टाकीची नळी तशीच मोकळी सोडतो; मग सारी वाफ तापलेल्या सायलेन्सरच्या शेजारीं पसरूं लागते. कोणी ती नळी स्क्रू ठोकून बंद करतो. मग टाकीचा जीव कोंडतो आणि गाडी चौकांत थांबते. कोणी हुषारीनें ती सरळ इंजिनाच्या तोंडाला जोडतो. मग दुपारच्या उन्हांत वाफेचा लोट आंत जाऊन मिश्रण बिघडतें, धूर वाढतो आणि ॲव्हरेज घटतें. गॅसवर चालणाऱ्या रिक्षेंत आणखी एक गोष्ट घडते. तिच्यांत अडीअडचणीसाठीं ठेवलेलें थोडेंसें पेट्रोल आठवडेच्या आठवडे पडून असतें. वाट मोकळी असली तर त्यांतील हलका, लवकर पेट घेणारा भाग आधीं उडून जातो. गॅस संपल्यावर ऐन वेळीं उरलेल्या जड पेट्रोलवर इंजिन सुरू होतां होत नाहीं.

अमेरिकेंतहि तीनचाकी मोटारसायकलींचे कांहीं हौशी मालक असाच डबा काढून टाकतात. तेथील कायद्यानें अशी ढवळाढवळ निषिद्ध आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम वाहनाच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा बदल करण्यास मनाई करतें. २०१९ च्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बदलास पांच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. जुन्या, छिद्राच्या झांकणाच्या वाहनाला घरच्या घरीं डबा लटकविणेंहि हिताचें नाहीं. किती वाफ केव्हां ओढावी हें इंजिनाच्या मापानें ठरवावें लागतें. तें काम वाहन बनविणाऱ्याच्या अधिकृत कार्यशाळेचेंच.

मग वाहनधारकानें करावें तरी काय? करण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें सोपें आहे. पंपावरची नळी पहिल्यांदा आपोआप थांबली कीं भरणें थांबवावें. झांकणाचें रबर फाटलें तर बदलावें. चिरलेल्या नळीच्या जागीं पेट्रोल सोसणारीच नळी बसवावी, साधी पाण्याची नव्हे. पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण वाढलेलें असल्यामुळें ही काळजी आतां अधिकच अगत्याची आहे. ती मुडपूं देऊं नये, सायलेन्सरपासून दूर ठेवावी. डब्याचें उघडें तोंड पावसाळ्यांत एकदां साफ करावें. डबा भिजून निकामी झाला असेल तर तो काढून टाकूं नये, नवा बसवावा. गाडी बंद पडतांच झांकण उघडून ‘फुस्स’ आवाज येतो काय तें पाहावें. आला, तर दोष इंजिनाचा नसून श्वासाच्या वाटेचा आहे, हें मिस्त्रीला सांगतां येईल.

आणि घरांतील मंडळींनीं आपल्या नाकावर विश्वास ठेवावा. उभ्या वाहनापाशीं पेट्रोलचा वास रोज येत असेल, तर ‘पेट्रोलची गाडी आहे, वास येणारच’ असें म्हणून तो सोडून देऊं नये. डबा शाबूत असलेल्या नव्या वाहनापाशीं असा वास रोज येतां कामा नये. तो येतो आहे याचा अर्थ कोठेंतरी वाट बदलली आहे. आणि ती पूर्ववत् होईपर्यंत त्या वाहनाची रात्रीची जागा शेगडीपासून, देवघरांतील समईपासून आणि झोंपलेल्या लेंकरांपासून दूर असावी.