गाडी थांबते, आपण थांबत नाही

बालमित्रांनो, न्यूटनच्या गतीच्या तीन नियमांशी शाळेत तुमची गाठ पडतेच. व्याख्या पाठ होते, मार्कही मिळतात. पण हे नियम वहीपेक्षा रस्त्यावर जास्त कामाला येतात, आणि वेळ आली तर जीवही वाचवतात. म्हणून आज आपल्या भोपाळमध्येच हिंडत ते समजून घेऊ या.

न्यू मार्केटहून बसमध्ये उभ्यानं चाललोय आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, तर आपण पुढं झुकतो. आपल्याला पुढं कुणी ढकललं? कुणीच नाही! बस थांबली, तिच्याबरोबर पाय थांबले, पण वरचं शरीर आधीच्याच वेगानं पुढं चाललं होतं. बाहेरून बल लागत नाही तोवर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालती वस्तू त्याच वेगानं सरळ रेषेत जात राहते. हा पहिला नियम. वस्तूच्या या स्वभावाला जडत्व म्हणतात. तुमच्या हिंदी पुस्तकातही हाच शब्द आहे.

मग मैदानावर घरंगळणारा चेंडू का थांबतो? कारण जमिनीचं घर्षण त्याला अडवतं. हे घर्षण लक्षात न घेतल्यामुळे, वस्तू चालत ठेवायला सतत ढकलावंच लागतं, असं लोक शतकानुशतकं मानत आले. गॅलिलिओनं या समजाला धक्का दिला आणि न्यूटननं १६८७ साली आपल्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथात तिन्ही नियम मांडले.

आता दुसरा नियम. इंदूरला लग्नाला निघालो की आमच्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "बाळाला मी मांडीवर घट्ट धरते ना!" माया खरी आहे, पण गणित काय म्हणतं ते बघा. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. बाळ १० किलोचं, गाडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. गाडी आदळून ०.१ सेकंदात थांबली, तर त्वरण (इथे वेग कमी होण्याचा दर) १०० मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणजे बाळाला धरून ठेवायला १,००० न्यूटन बल हवं. जवळजवळ १०० किलोचं पोतं एका झटक्यात पेलण्याइतकं! कोणत्याही आईच्या, मामाच्या हातांना हे जमणार नाही. म्हणून बाळाची जागा मागच्या सीटवर, बेबी सीटमध्ये.

थांबायला जास्त वेळ मिळाला की बल कमी लागतं. क्रिकेटमध्ये कॅच घेताना आपण हात मागं नेतो, ते यासाठीच. सीटबेल्ट किंचित ताणला जातो, हेल्मेटच्या आतलं थर्माकोलसारखं अस्तर दबतं. दोन्ही आपल्याला थांबायला थोडा जास्त वेळ देतात.

तिसरा नियम बघायला बड्या तलावावर, बोट क्लबला चला. वल्हं पाण्याला मागं ढकलतं, पाणी वल्ह्याला आणि त्याच्याबरोबर नावेला पुढं ढकलतं. नावेतून काठावर उडी मारली, तर नाव मागं सरकते. क्रिया तेवढी प्रतिक्रिया, दिशा उलट. मात्र ही दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर लागतात, म्हणून ती एकमेकांना रद्द करत नाहीत. परीक्षेत नेमकं इथंच अडायला होतं.

हे सगळं करून बघा. ग्लासवर पोस्टकार्ड, कार्डावर नाणं ठेवा आणि कार्डाला जोरात टिचकी मारा. कार्ड उडेल, नाणं ग्लासात पडेल. करून शिकायची ही रीत आपल्या मध्य प्रदेशाला नवी नाही. १९७२ साली होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम) जिल्ह्यातल्या १६ शाळांमध्ये मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकायला सुरुवात केली. तो होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम पुढं देशभर नावाजला. श्यामला हिल्सवरच्या आंचलिक विज्ञान केंद्रातही एखाद्या रविवारी आई-बाबांना घेऊन जा.

आणि एक काम तुमच्याकडे. पुढच्या प्रवासाला निघताना मागच्या सीटवरच्या काका-मावशींनाही बेल्ट लावायला सांगा. "मागे कशाला?" असं कुणी विचारलं, तर वरचं गणित त्यांच्यासमोर मांडा. काका ७० किलोंचे असतील, तर उत्तर किती येतं?