पॅकेटांची पाहणी

संगणक एकमेकांस माहिती पाठवितात ती अखंड प्रवाहाने नव्हे. मजकुराचे लहान लहान भाग पाडून त्यांची पॅकेटे एकामागून एक रवाना केली जातात. प्रत्येक पॅकेटावर दोन्ही बाजूंचे पत्ते व आतील भागाचा अनुक्रम असतो. भाग मिळाला की घेणारा संगणक पोच धाडतो; मुदतीत पोच न आल्यास तोच भाग पुन्हा पाठविला जातो.

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व कॅलिफोर्निया विद्यापीठ यांमधील वहनाचा वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. दोन्ही स्थळांतील अंतर मात्र अवघे ४०० वार होते! व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरेल्स यांच्या सहकार्याने याचे कारण शोधले. पॅकेट केव्हा निघाले व त्यात कितवा भाग होता, हे आलेखावर एकेका बिंदूने दाखविता येते. वहन निर्वेध असल्यास बिंदूंची एकच चढती रेषा उमटते. परंतु १९८८ च्या त्यांच्या निबंधातील एका आलेखात काही मजकूर पाच वेळा पाठविल्याचे दिसते.

मार्गात गर्दी झाली की पोच येण्यास विलंब होई; पॅकेट हरवले असे समजून संगणक ते पुन्हा धाडीत, आणि गर्दीत भरच पडे. यावर उपाय असा योजण्यात आला: प्रारंभी एकच पॅकेट पाठवावे, पोच येईल तसतसे प्रमाण वाढवावे आणि पॅकेट हरवताच ते घटवावे. त्याच प्रयोगशाळेत सिद्ध झालेली ‘टीसीपीडम्प’ ही आज्ञावली अशा पाहणीसाठी आजही वापरली जाते.