एअरबॅगचा दिवा विझवायचा की दोष दूर करायचा?

गाडीची चावी फिरवली, की डॅशबोर्डवर अनेक दिवे एकदम लागतात आणि काही क्षणांत एकेक करून मालवतात. त्यातच एक चित्र असते बसलेल्या माणसाचे, त्याच्यासमोर गोल फुगा. काही गाड्यांत चित्राऐवजी ‘एसआरएस’ ही अक्षरे असतात. हा दिवा मालवला नाही तरी गाडीच्या चालण्यात तसूभरही फरक पडत नाही. इंजिन नेहमीसारखे चालते, ब्रेक लागतात, इंधनही जास्त जळत नाही. त्यामुळेच दहा-बारा वर्षे जुन्या गाड्यांमध्ये हा दिवा महिनोन् महिने लागलेला दिसतो आणि मालकाच्या नजरेला त्याची सवय होऊन जाते. मात्र या दिव्याचा अर्थ साधा नाही. अपघात झाला तर एअरबॅग उघडेलच याची हमी आता देता येत नाही, असे गाडीच सांगत असते.

दिवा काय सांगतो?

एअरबॅगच्या यंत्रणेचा मेंदू म्हणजे तिचा नियंत्रक. बहुतेक गाड्यांत तो गिअरच्या पुढे-मागे, मधल्या उंचवट्यावर बसवलेला असतो. चावी फिरवताच तो संवेदक, तारा, पट्ट्यांचे ताणक आणि एअरबॅगचे प्रज्वलक यांची विद्युत तपासणी करतो. सारे ठीक असेल तर काही सेकंदांत दिवा मालवतो. कोठे तार तुटलेली वा जोड सैल आढळला, की तो दोषाची नोंद करतो आणि दिवा लावून ठेवतो. अशा वेळी अनेक गाड्यांत संपूर्ण यंत्रणाच निष्क्रिय होते. म्हणजे दोष शेजारच्या आसनाखाली असला तरी चालकासमोरची एअरबॅगही उघडेल असे गृहीत धरता येत नाही. धडक जाणवल्यापासून साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवण्याच्या आत, एअरबॅग फुगावी लागते. तेथे दुसरी संधी नसते.

चावी फिरवल्यावर हा दिवा मुळीच न लागणे ही त्याहून संशयास्पद गोष्ट होय. एकतर दिवा निकामी झाला आहे, किंवा कोणीतरी तो मुद्दाम बंद केला आहे.

जुन्या गाडीत दोष कोठे आढळतो?

दिवा लागला म्हणजे एअरबॅगच बिघडली, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात दोष बहुधा तारांत आणि जोडांत सापडतो. पुढच्या आसनांखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतात. आसन पुढे-मागे सरकवताना, आतली सफाई करताना किंवा खाली छत्री, बाटली, पिशवी कोंबताना ते सैल होतात. पावसाळ्यात गालिच्याखाली पाणी मुरले, तर याच जोडांना गंज चढतो. उभ्या गाडीत शिरलेले उंदीर तारा कुरतडतात, हाही आपल्याकडचा नित्याचा अनुभव आहे.

दुसरे नेहमीचे ठिकाण म्हणजे स्टीअरिंगच्या आतील ‘क्लॉक स्प्रिंग’. चाक डावी-उजवीकडे फिरत असताना चालकाच्या एअरबॅगपर्यंत वीज पोहोचवणारी ही गुंडाळलेली चपटी पट्टी वर्षानुवर्षांच्या वळणांनी तुटते. एअरबॅगच्या दिव्यासोबत हॉर्न किंवा स्टीअरिंगवरील बटणेही बंद पडली, तर संशय प्रथम येथेच घ्यावा. याखेरीज सीटबेल्टच्या कडीतील स्विच, समोरच्या भागातील गंजलेले संवेदक आणि अशक्त झालेली बॅटरी हीदेखील कारणे असू शकतात.

यांपैकी काही दोष किरकोळ खर्चात दूर होतात. जोड स्वच्छ करून घट्ट बसवणे हे काम स्वस्त, क्लॉक स्प्रिंग बदलणे त्याहून महाग, तर नियंत्रक किंवा एअरबॅग बदलणे सर्वांत खर्चिक. म्हणूनच आधी निदान आणि मग सुटा भाग, हा क्रम सोडू नये.

निदान कसे करावे?

बाजारात मिळणारी स्वस्त स्कॅनर यंत्रे बहुधा इंजिनचेच दोष वाचतात. एअरबॅगच्या नियंत्रकातील नोंद वाचण्यासाठी त्या कंपनीच्या गाड्यांना चालणारे यंत्र लागते. ते अधिकृत सेवा केंद्रात किंवा चांगल्या इलेक्ट्रिशियनकडे असते. यंत्रावर दिसणारा संकेतांक मंडल कोणते ते सांगतो, भाग कोणता ते नाही. ‘चालकाच्या एअरबॅगच्या मंडलात रोध जास्त’ अशी नोंद आली, तर दोष एअरबॅगमध्ये, क्लॉक स्प्रिंगमध्ये किंवा जोडात कोठेही असू शकतो. संकेतांक पाहताच महाग भाग बदलण्याचा सल्ला मिळाला, तर कोणत्या तपासणीनंतर हा निष्कर्ष काढला, हे ग्राहकाने अवश्य विचारावे. काही गाड्यांत दोष दूर झाला तरी नोंद यंत्राने पुसेपर्यंत दिवा मालवत नाही. त्यामुळे दुरुस्तीनंतर नोंद पुसून दिवा पुन्हा लागतो का, हे पाहणे आवश्यक असते.

हे काम घरी करण्याजोगे नाही. एअरबॅगमध्ये स्फोटक घटक असतो. बॅटरीची तार काढली तरी नियंत्रकात काही काळ वीज साठून राहते, म्हणून कंपनीने सांगितलेला अवधी जाऊ दिल्याशिवाय जाणकार कारागीरही पिवळ्या तारांना हात लावत नाहीत. साध्या मल्टिमीटरने एअरबॅगचे प्रज्वलक तपासणे धोक्याचे, कारण मीटरची अल्पशी वीजही तिला फुगवू शकते. मालकाने फार तर आसनाखाली काही अडकले आहे का आणि बॅटरी ठीक आहे का, एवढेच पाहावे.

‘दिवा घालवून देतो’

खरा धोका येथे आहे. काही गॅरेजमध्ये दोष शोधण्याऐवजी दिवाच काढला जातो किंवा त्याची तार दुसऱ्या दिव्याला जोडली जाते, जेणेकरून दोन्ही एकत्र लागावेत आणि एकत्र मालवावेत. कधी एअरबॅगच्या जागी तेवढाच रोध असलेला लहानसा रेझिस्टर जोडतात. नियंत्रकाला सारे काही जागेवर असल्याचे भासते, दिवा शिस्तीत लागून मालवतो आणि चाकामागे एअरबॅग नसतेच. अपघातात एकदा उघडलेली एअरबॅग न बदलता वर नवे झाकण बसवून गाडी विकण्याचे प्रकारही याच जातीचे.

म्हणून जुनी गाडी घेताना चावी फिरवून हा दिवा स्वतंत्रपणे लागतो आणि स्वतंत्रपणे मालवतो का, हे पाहावे. स्टीअरिंग व डॅशबोर्डवरील झाकणांचा रंग आणि सांधे बाकीच्या भागांशी जुळतात का, हेही न्याहाळावे. शक्य असल्यास नियंत्रकातील नोंद वाचून घ्यावी. भारतात नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांच्या स्वस्त आवृत्त्यांत ती नव्हतीच. तेव्हा दिवा दिसला नाही, तर मुळात त्या गाडीत एअरबॅग होती का, हे आधी तपासावे.

दिव्याला न दिसणारा दोष

दिवा मालवला म्हणजे सारे आलबेल, असेही नाही. नियंत्रक विजेचे मंडल तपासतो, एअरबॅग फुगवणाऱ्या रसायनाची प्रकृती त्याला कळत नाही. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट वापरले होते. उष्ण व दमट हवेत वर्षे गेल्यावर ते बिघडून धातूचे कवच फुटते आणि त्याचे तुकडे प्रवाशांच्या अंगात घुसतात, असे निष्पन्न झाले. एकट्या अमेरिकेत सुमारे ६.७ कोटी एअरबॅग परत मागवाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. होंडा, टोयोटा यांसारख्या उत्पादकांनी भारतातील गाड्याही परत बोलावल्या होत्या. मुंबई, कोकण, गोवा येथील हवा उष्ण आणि दमटच असल्याने येथील जुन्या गाड्यांच्या मालकांनी चेसिस क्रमांक देऊन कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्रात खात्री करून घ्यावी. परत बोलावलेल्या गाडीतील हा भाग कंपनी विनामूल्य बदलून देते.

तोपर्यंत काय?

दिवा लागला म्हणून गाडी रस्त्यातच सोडण्याचे कारण नाही. मात्र दुरुस्ती लांबणीवर टाकू नये. एअरबॅग ही सीटबेल्टला जोड आहे, त्याचा पर्याय नव्हे. दिवा लागलेला असताना पट्ट्याचा ताणक चालेलच असे नाही, तरी पट्टा माणसाला धरून ठेवतो. म्हणून पुढच्या आणि मागच्या सर्वांनीच पट्टा बांधावा. छाती आणि स्टीअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. ‘एअरबॅग बंदच आहे’ असे समजून तान्ह्या बाळाचे मागे तोंड असलेले आसन पुढे बसवणे तर कटाक्षाने टाळावे, कारण दोष असलेली यंत्रणा मुळीच चालणार नाही, अशीही हमी नसते.

गॅरेजमधून गाडी परत घेताना ‘दिवा गेला का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘दोष कोठे होता?’ हा प्रश्न विचारावा, बदललेला भाग मागून घ्यावा आणि बिलावर त्याचा उल्लेख आहे का ते पाहावे.