एमआरआयमध्ये दिसतं ते सगळंच दुखत नसतं

आमच्या शेजारच्या काकू, वय ६२. जिना उतरताना गुडघा दुखतो म्हणून त्यांनी कुणाला न विचारता थेट एमआरआय काढून आणला. रिपोर्टात एक ओळ होती: मेडिअल मेनिस्कसच्या, म्हणजे गुडघ्यातल्या गादीच्या, मागच्या टोकाला ग्रेड २ सिग्नल. काकूंनी स्वतःच निकाल लावला, ‘गादी फाटली, आता ऑपरेशन.’

गादी फाटलेली नव्हती. ग्रेड १ आणि २ म्हणजे गादीच्या आतल्या आत दिसणारा बदल. वयानुसार तो बऱ्याच जणांच्या गुडघ्यात सापडतो. या बदलाची पांढरी रेघ गादीच्या पृष्ठभागापर्यंत पोचली, की तो ग्रेड ३ आणि त्यालाच फाटणं म्हणतात.

बरं, खरोखर फाटलेली दिसली तरी दुखणं तिचंच असेल, असंही नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले होते. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची गादी फाटलेली निघाली, त्यांतल्या ६१ टक्के लोकांचा गुडघा आदल्या महिनाभरात दुखलाच नव्हता! फिनलंडमधल्या डॉक्टरांनी तर झिजून फाटलेल्या गादीची दुर्बिणीची शस्त्रक्रिया निम्म्या रुग्णांवर खरी केली, उरलेल्यांवर नुसती लुटुपुटीची. वर्षभराने दोन्ही गटांना सारखाच आराम होता (२०१३). म्हणून रिपोर्ट हातात घेऊन गुडघा न तपासताच ऑपरेशनची तारीख देणाऱ्याकडे मी तरी पुन्हा जाणार नाही.

‘एक्स-रे आता जुना झाला’ हाही असाच एक समज. संधिवाताची झीज पाहायला उभं राहून काढलेला साधा एक्स-रे बहुतेक वेळा पुरतो. अंगाचा भार पडल्यावर दोन हाडांमधली फट किती उरते, हे त्यात कळतं. एमआरआय आपण आडवं पडून काढतो.

मग एमआरआय हवा कधी? कबड्डी खेळताना गुडघा पिळवटला, आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म सुजला, तर लिगामेंट तुटल्याची शंका घ्यायला हवी. चांगला डॉक्टर आधी नडगी हाताने पुढे ओढून पाहतो. पक्कं करायला आणि सोबत गादीही फाटली आहे का ते पाहायला एमआरआय. गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल, किंवा एक्स-रेत न दिसणाऱ्या फ्रॅक्चरचा संशय असेल, तरीही तो लागतो.

एक्स-रेसारखे किरण एमआरआयमध्ये नसतात. काम चुंबकाचं आणि रेडिओलहरींचं. १.५ टेस्लाचं मशीन पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट ताकदीचं असतं. त्यामुळे पेसमेकर, मेंदूतली क्लिप, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण हे आधी सांगायलाच हवं. पायातला रॉड किंवा स्क्रू सहसा चालतो, फक्त त्याच्या आसपासचं चित्र बिघडतं. बोगद्याची भीती वाटणाऱ्यांसाठी एक सांगतो: गुडघ्यासाठी पाय आधी आत जातात, डोकं बहुधा बाहेर किंवा तोंडाशीच राहतं. ठकठक आवाज मात्र अर्धा तास सोसावा लागतो.

काकूंना ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एक टॉवेल गुंडाळून गुडघ्याखाली ठेवायला आणि मांडी आवळून तो दाबायला सांगितलं, दहा-दहा वेळा. एमआरआयची फिल्म सध्या गादीखाली आहे. कापसाच्या.