हवाई अंतर व प्रवासकाल

पृथ्वीच्या पृष्ठावरील दोन स्थानांना जोडणाऱ्या सर्वांत आखूड मार्गाच्या लांबीस त्या स्थानांमधील हवाई अंतर म्हणतात. पृथ्वी जवळजवळ गोलाकार असल्याने हा मार्ग वर्तुळाचा कंस असतो व त्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळतो. कंसाने पृथ्वीच्या मध्याशी केलेला कोन दोन्ही स्थानांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढता येतो. कोनाच्या एका कलेस 1 सागरी मैल (1.852 किमी.), तर एका अंशास सु. 111 किमी. अंतर पडते.

हवाई अंतर व प्रत्यक्ष कापावे लागणारे अंतर यांतील तफावत भूरचनेवर अवलंबून असते. पालघर व बोईसर या स्थानकांमधील लोहमार्ग 12 किमी. असून तो जवळजवळ सरळ उत्तरेस जात असल्याने त्यांमधील हवाई अंतरही सु. 11 किमी. भरते. याउलट पालघरनजीकचे सातपाटी व बोईसरकडील मुरबे ही मच्छीमारांची गावे एकाच खाडीच्या दोन तीरांवर वसली आहेत. तथापि मोटारमार्गाने जाणाऱ्यास पालघर-बोईसरकडून मोठा वळसा पडत आला आहे.

विमानास खाडीचा वा समुद्राचा अडथळा नसतो. त्यामुळे हवाई प्रवासास लागणारा काल केवळ अंतराच्या प्रमाणात असावा, असे वाटते. दूरस्थ बेटांच्या बाबतीत मात्र तसे घडत नाही. लक्षद्वीपमधील अगत्ती व अंदमानातील पोर्ट ब्लेअर (2024 पासून श्री विजयपुरम्) येथील वीर सावरकर विमानतळ यांमधील कोन सु. 20.2 अंश, म्हणजे हवाई अंतर सु. 2,240 किमी. आहे. ताशी 800 किमी. वेगाच्या जेट विमानास ते कापण्यास पावणेतीन तास पुरतील. परंतु अगत्तीची धावपट्टी सु. 1,200 मी. लांबीची असल्याने तेथे मोठी जेट विमाने उतरू शकत नाहीत. तेथे उतरणारी पंख्याची लहान विमाने पूर्ण प्रवासी घेऊन वाटेत इंधन न भरता एवढा पल्ला गाठू शकत नाहीत. या दोन विमानतळांमध्ये थेट प्रवासी सेवा नाही.

कोची व चेन्नईमार्गे गेल्यास टप्प्यांची अंतरे अनुक्रमे सु. 470, 520 व 1,370 किमी. होतात. त्यांची बेरीज 2,360 किमी., म्हणजे थेट अंतरापेक्षा केवळ सु. 5 टक्के अधिक आहे. प्रत्यक्ष उड्डाणाचा काल पाच तासांच्या आसपास असला, तरी विमाने बदलणे, पुढील विमानाची वाट पाहणे व मोसमी हवामानाचा व्यत्यय यांमुळे प्रवासास संपूर्ण दिवस, प्रसंगी दोन दिवस लागतात. उपचारांसाठी मुख्य भूमीवर न्यावयाच्या रुग्णाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा ठरतो.

विमानतळापर्यंतचा प्रवासही एकूण कालात धरावा लागतो. बोईसर-तारापूर या औद्योगिक पट्ट्यात प्रवासी विमानतळ नसल्याने तेथील प्रवाशास प्रथम मुंबई गाठावी लागते. बोईसर-अंधेरी हे लोहमार्गाचे अंतरच सु. 81 किमी. आहे. हवाई अंतर कायम राहते. प्रवासकाल मात्र धावपट्टीची लांबी, विमानाचा पल्ला व वेळापत्रकांचा मेळ यांनुसार कमीअधिक होतो.