बुधवारी रात्री आठ, कोलंबो

२० फेब्रुवारी २०२४ ला रेडिओ सिलोनवरच्या 'बिनाका गीतमाले'चे निवेदक अमीन सायानी गेले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी त्यांच्या आवाजावर लिहिलं. आवाज होताच तसा. पण सांगली जिल्ह्यातल्या विट्यात रेडिओ दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, आणि माझी आठवण जरा वेगळी आहे. आमच्या भागात तो आवाज सलग असा कधी ऐकूच यायचा नाही. यायचा, मावळायचा, खरखरीत बुडायचा, शेजारच्या स्टेशनाखाली दबायचा. तरीही खानापूर-आटपाडीपासून पार कराडपर्यंत बुधवारी रात्री आठला माणसं सेटला कान लावून बसायची. माझ्या मते सायानींची खरी कारागिरी इथं आहे. अर्धं वाक्य हवेत विरलं तरी उरलेल्या अर्ध्यातून मतलब पोचायचा.

हिंदी गाणी ऐकायला कोलंबोचं स्टेशन कशाला, असं नातू विचारतो. त्याचं उत्तर एका मराठी माणसापाशी जातं. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे कट्टर भोक्ते, सिनेमाची गाणी त्यांना सवंग वाटत. आकाशवाणीवर ती गाणी कमी झाली. त्यात, चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून नाव घ्यायचं नाही असं ठरलं. निर्मात्यांशी बिनसलं आणि गाणी जवळजवळ बंदच पडली. केसकरांनी आकाशवाणीच्या संगीत सभा सुरू केल्या, गवयांना मान आणि काम दिलं, हेही खरं. पण माणसाला जे गुणगुणायचं असतं ते तो शोधून काढतोच.

कोलंबोच्या रेडिओ सिलोनकडे महायुद्धात सैन्यासाठी बसवलेला दणकट ट्रान्समीटर होता आणि जाहिराती घ्यायला आडकाठी नव्हती. बिनाका टूथपेस्टवाल्या सीबा कंपनीला हिंदी गाण्यांचा कार्यक्रम हवा होता. लिहायचं, बोलायचं, कार्यक्रम जुळवायचा, वर आलेली पत्रं तपासायची, आणि या सगळ्याचे आठवड्याला २५ रुपये. एवढ्यात अनुभवी माणूस कुठला मिळणार! थोरले भाऊ हमीद सायानी आधीपासून रेडिओत होते. वीस वर्षंही पुरी न झालेल्या अमीनच्या गळ्यात हे काम पडलं. ३ डिसेंबर १९५२, बुधवार, 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. तेव्हा आमचा जिल्हा कागदोपत्री दक्षिण सातारा होता, साताऱ्याचा उत्तर सातारा. सांगली हे नाव जिल्ह्याला १९६० साली मिळालं.

पहिल्या कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली म्हणतात. पुढं आठवड्याला ६५,००० वर गेली. सुरुवातीला गंमत अशी होती की सात गाणी उलटसुलट वाजवायची आणि ऐकणाऱ्यांनी ती काळाच्या क्रमानं लावून पाठवायची. एवढी पत्रं तपासून हात मोडायची वेळ आली. मग क्रमवारीची पद्धत आली. देशभरच्या दुकानांतून कोणती रेकॉर्ड किती खपली ते मागवायचं, त्यावर गाण्याची पायरी ठरवायची. खपाच्या आकड्यात हातचलाखी होऊ शकते, दुकानात मालच नसला तर चांगलं गाणंही मागं पडतं. म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची पसंतीही धरली जाऊ लागली. झुमरी तलैया या तेव्हाच्या बिहारमधल्या खाणगावाचं नाव फर्माइशींच्या पत्रांमुळंच आमच्या तोंडी बसलं.

आता माझ्या धंद्याचं थोडं सांगतो.

कोलंबो सांगलीपासून सरळ रेषेत सुमारे बाराशे किलोमीटर. मध्यम लहरी दिवसा एवढ्या लांब येत नाहीत. शॉर्टवेव्हचं तसं नाही. ती वर जाते, आकाशात शंभर ते चारशे किलोमीटरवर विद्युतभारित थर आहेत त्यांच्यावर आपटून खाली येते. हे थर ऊन तयार करतं, त्यामुळं दिवस मावळला की त्यांची तऱ्हा बदलते. एकच लहर दोन वाटांनी आली की त्या दोघी कधी एकमेकींना साथ देतात, कधी मारतात. आवाज फुगतो आणि पडतो. आम्ही त्याला फेडिंग म्हणायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, "सेट दमतोय." सेट बिचारा बरा असायचा!

२५ आणि ४१ मीटरवर सिलोन असायचं, पण त्या पट्ट्यात स्टेशनांची इतकी दाटी की सुई केसभर सरकली तर दुसरंच काहीतरी बोलू लागायचं. त्यात मर्फी नाहीतर फिलिप्सच्या व्हॉल्व्ह सेटचा डायलचा दोरा सैल झालेला असला की बटण फिरायचं आणि सुई जागेवरच. मंगळवार-बुधवारी दुकानात निम्मं काम दोऱ्याचं. एरियलसाठी आढ्याला तांब्याच्या जाळीची पट्टी ताणायची, अर्थिंगची तार परसात ओल्या मातीत पुरायची. वडील गिऱ्हाइकाला बजावायचे, "तिथं रोज तांब्याभर पाणी घाला, तुळशीला घालता तसं." आणि पोस्टात वर्षाची फी भरून रेडिओच्या लायसन्सच्या पुस्तकावर तिकीट लावून आणायचं, तेही ज्याचं त्यानं. न लावणारेही होते, नावं सांगत नाही.

अशा रेडिओवर सायानी कसे बोलत ते ऐका. गाण्याचं नाव, चित्रपट, गाणारा, लिहिणारा, चाल बांधणारा, सगळं सावकाश, सुटं सुटं. मागच्या आठवड्यात हे गाणं कुठल्या पायरीवर होतं, आज कुठं आलं, हे गाण्याआधी एकदा आणि नंतर परत. वाक्य छोटं. नावाआधी किंचित थांबणं. मजकूर ते स्वतः लिहीत, मुंबईत सेंट झेवियर्सच्या तांत्रिक संस्थेत तो ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप विमानानं कोलंबोला जायची. म्हणजे मुंबईत बोललेलं समुद्रापलीकडं जाऊन, आकाशाला थडकून, विट्यात उतरायचं. 'बहनों और भाइयों' हे त्यांचं संबोधन, त्यातही बहिणी आधी. आमच्या वाड्यातल्या बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून ऐकायच्या, त्यांना ते बरोब्बर लागायचं.

ही भाषा त्यांना घरातून मिळाली होती. त्यांच्या आई कुलसुम सायानी प्रौढ साक्षरतेचं काम करत. गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी 'रहबर' नावाचं पाक्षिक काढलं. सोपी हिंदुस्थानी, पण नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. नुकतंच वाचायला शिकलेल्यांसाठी. अमीन लहानपणापासून त्यात हाताखाली. गंमत म्हणजे आकाशवाणीच्या हिंदी चाचणीत ते नापास झाले होते, उच्चाराला इंग्रजी-गुजराती वळण म्हणून.

आमच्या तालुक्यातली माणसं गलाई कामाला, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायला, पार हिंदुस्थानभर गेलेली. दिवाळीला, जत्रेला ती गावी आली की हिंदी बोलायची, आणि येताना ट्रान्झिस्टर आणायची. त्यांच्या हिंदीत मद्रास-कलकत्त्याची भेसळ असे. सायानींची हिंदी मात्र घरी बसलेल्या आजीलाही कळायची.

१९५७ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीची सिनेगाण्यांची विविध भारती आली, सरकारनं हार मानली म्हणा ना. १९६३ साली सांगलीचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं आणि भरदिवसा, खरखर न होता मराठी ऐकू येऊ लागलं. दुकानाला त्यानं बरकत आली, दर घराला रेडिओ हवा झाला. तरी बुधवारचं कोलंबो सुटलं नाही. १९८८ पर्यंत गीतमाला सिलोनवर होती, मग काही वर्षं विविध भारतीवर. २००९ साली सायानींना पद्मश्री मिळाली.

आज एफएमवरची पोरं फार भरभर बोलतात असं माझ्या वयाचे लोक कुरकुरतात. मी त्यांना दोष देत नाही. आवाज स्वच्छ पोचतो, शब्द वाया जायची भीती नाही, मग थांबेल कोण? सावकाश बोलणारं एक स्टेशन मात्र जवळच आहे. सातारा जिल्ह्यात म्हसवडला २००८ पासून माणदेशी तरंग वाहिनी हा सामुदायिक रेडिओ चालतो, ९०.४ वर. तिथं गावच्याच बायका माणदेशी बोलीत बोलतात. ओव्या गाणाऱ्या केराबाई सरगर याच रेडिओवरून लोकांना माहीत झाल्या. पण एफएमची लहर आकाशावर आपटून परत येत नाही, नाकासमोर जाते, आणि सामुदायिक रेडिओला ताकदही मोजकीच वापरू देतात. बाराशे किलोमीटरवरचं कोलंबो विट्यात लागायचं, पन्नासेक किलोमीटरवरचं म्हसवड लागत नाही. त्या वाटेला कुठं लग्नाकार्याला जायचं झालं की मी खिशात छोटा सेट घेतो.